पुलावरचं पाणमांजर

थोरलीला आपल्या धाकट्या जावेचं कौतुक सहन होत नव्हतं, आणि ही गोष्ट तिने स्वतःपासून कधी लपवली नाही. बाकी जगापासून मात्र कसोशीने लपवली. ओठांवर हसू, हातात चहाचा कप आणि पोटात नुसता जळफळाट, अशी तिने दोन वर्षं काढली. दोघींची घरं एकाच इमारतीत, थोरलीचं खाली आणि धाकटीचं वर, त्यामुळे सुटका म्हणून नव्हती.

कारण ऐकलंत तर हसाल. सगळं एका कॅमेऱ्यावरून.

थोरली शहरातल्या जुन्या बागेत फोटो काढायच्या नोकरीला होती, एकोणतीस वर्षं. फुलांचे, पाखरांचे फोटो नव्हेत. भिंतीला गेलेली भेग, कारंज्याचा फुटलेला काठ, वाळवीने खाल्लेली चौकट, असले फोटो. शेजारी मोजपट्टी आणि नंबराची पाटी. ते फायलीत जायचे, फायली कपाटात आणि कपाट तळघरात. फोटोखाली तिचं नाव कधीच नसायचं, नंबर असायचा. नवरा तर तिच्या नोकरीला "भेगांचं काम" म्हणायचा आणि त्यात आपण काही लागेलसं बोललो, हे त्याच्या गावीही नसायचं.

आणि धाकटी? जन्मभर शाळेत गणित शिकवलं. मुदतीआधीच निवृत्त झाली तेव्हा मुलाने कॅमेरा घेऊन दिला, पुढे हातभर लांब लेन्स. दुसऱ्याच महिन्यात एका खंड्याने चोचीत मासा धरून नेमकं हिच्यासमोर येऊन बसावं? बसला मेला! घरच्या ग्रुपवर तो फोटो आला आणि नातेवाइकांना ऊत आला. थोरलीचा नवरा, म्हणजे हिचा स्वतःचा, फोन तिच्या नाकासमोर धरून म्हणाला, "अगं हे बघ, याला म्हणतात फोटो!" ती "छान आहे" म्हणाली आणि स्वयंपाकघरात जाऊन आधीच घासलेलं पातेलं पुन्हा घासत बसली.

अशात बागेतल्या तळ्यावरचा लाकडी पूल दुरुस्तीला निघाला. पूल शंभराहून जास्त वर्षांचा, पायी जाण्यापुरता, मधोमध उंचावलेला. फळ्या कुजल्या होत्या, कठडा हलत होता, पण मुख्य लाकूड दणकट होतं. म्हणून ठरलं की पूल पाडायचा नाही. एकेक तुकडा सोडवायचा, कुजलेला तेवढा बदलायचा आणि बाकी सगळं होतं तिथेच परत बसवायचं. आता कुठला तुकडा कुठे होता, हे सांगणार कोण? थोरलीचे फोटो. बागेच्या अधीक्षकांनी तिला बोलावून आणखी एक गोष्ट सांगितली. काम संपलं की तिकीटखिडकीशेजारच्या भिंतीवर पुलाचा एकच फोटो लागणार होता, माणसाच्या उंचीचा, आणि खाली काढणाऱ्याचं नाव.

त्या दिवशी घरी येताना तिचे पाय जमिनीला लागत नव्हते. पुढच्या वर्षी ती निवृत्त होणार होती. त्याआधी एकदा, फक्त एकदा, आपलं नाव त्या भिंतीवर बघायचं आणि नवऱ्याला हाताला धरून त्याच्यासमोर उभं करायचं. बाकी काही नको होतं तिला.

तिने काम सुरू केलं ते आपल्या पद्धतीने. काठावर जमिनीत तीन खुंट ठोकले. ट्रायपॉडचे पाय रोज त्याच खुंटांवर. वेळ सातच्या आतली, सुतार कामाला लागण्याआधीची. आधी अख्खा पूल, मग त्या दिवशी जो सांधा उघडायचा असेल तो जवळून. सुतार म्हणजे घुम्या माणूस. सख्ख्या भावाने मोजलेली फळीही तो पुन्हा मोजून घ्यायचा. पण सांध्याला हात घालण्यापूर्वी तो थोरलीला एवढंच विचारायचा, "झाला?" आणि ती "झाला" म्हणाली की हातोडी उचलायचा. फोटो बघायला त्याने कधी मागितला नाही.

माणसांची वर्दळ थांबली तसा जनावरांनी पूल ताब्यात घेतला. उघड्या तुळईवर बगळा येऊन बसायला लागला. मग एके सकाळी दोन पिल्लांना घेऊन पाणमांजर आलं, जणू पूल त्यांच्यासाठीच मोकळा केला होता. अधीक्षक हरखले. म्हणाले, या पाहुण्यांचेही फोटो हवेत. थोरलीची लेन्स सांध्यांसाठीची. त्यात लांबचं पाणमांजर उंदराएवढं दिसायचं. ही अडचण तिने रात्री जेवताना बोलून दाखवली आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला.

"मग आपल्या वरच्या बाईंना ने की," नवरा म्हणाला. "एका पायावर तयार होईल ती!"

झाली. दुसऱ्या दिवशी सहाच्या ठोक्याला धाकटी फाटकाशी हजर. "वहिनी, मी अगदी लांब उभी राहीन हं. तुम्हाला माझा काडीचाही त्रास होणार नाही." आणि खरंच झाला नाही, हाच तर त्रास होता. ती वचवच करायची नाही, मधे यायची नाही, थर्मासमध्ये दोघींपुरता चहा आणायची. बोट ठेवायला जागा म्हणून ठेवली नाही बाईने. तिसऱ्या दिवशी तिने फोटो काढला: आई पुढे, मागे दोन पिल्लं, तिघंही तुळईवरून ओळीने निघालेली, ओल्या मिशांवर कोवळं ऊन. अधीक्षकांनी तो आपल्या दारावर चिकटवला. म्हणाले, "भिंतीसाठी याचाही विचार करावा लागेल बुवा."

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. एकोणतीस वर्षं मी वाळवी मोजायची आणि ही तीन दिवसांत भिंत घेऊन जाणार? त्या रात्री तिने नवऱ्याच्या भाच्याकडून लांब लेन्स उसनी आणली. कशाला, ते कुणाला सांगितलं नाही.

दोन दिवसांनी पुलाचा मधला सांधा उघडायचा होता. दोन लांब तुळया तिथे एकमेकींत अडकवलेल्या होत्या, खिळा एकही नाही, फक्त चार लाकडी पाचरी. चारही दिसायला सारख्या, पण प्रत्येक आपल्याच खाचेसाठी तासलेली. जुन्या लाकडावर खूण करायची नाही, असं सुताराने ठरवलं होतं. पाचरी फोटो बघूनच परत लावायच्या. त्याने हे आदल्या दिवशी थोरलीला दोनदा सांगितलं होतं. एरवी तो एखादी गोष्ट एकदासुद्धा सांगत नसे.

सकाळी साडेसहाला ती खुंटांपाशी आली. धाकटी लांब, नेहमीच्या झाडाखाली. आणि पावणेसातला पाणमांजर त्याच तुळईवर, त्याच सांध्याजवळ येऊन बसलं. मागून ऊन येत होतं. पलीकडच्या काठावरून काय दिसेल! थोरलीने पाटी तिथेच टाकली, कॅमेरा आणि उसनी लेन्स उचलली आणि तळ्याला वळसा घालून पलीकडच्या लव्हाळ्यात पालथी पडली. वय वर्षं सत्तावन्न, केस पांढरे, अंगात कामावरचं नारिंगी जाकीट. लेन्स बसवून डोळा लावते तोवर जनावर पाण्यात. येईल परत, येईल परत, म्हणत ती चिखलात पडून राहिली. गुडघे भिजले, कोपरं सोलवटली आणि मनात एकच घोकणं, हिच्यापेक्षा चांगला, हिच्यापेक्षा चांगला.

परतली तेव्हा सव्वासात होऊन गेले होते. चार पाचरी फडक्यावर ओळीने ठेवलेल्या होत्या. ती नेहमी सातच्या आत काम उरकते, म्हणून विचारायला ती समोर नसतानाही सुताराने फोटो झाल्याचं गृहीत धरलं होतं. तरी त्याने मान वर करून विचारलं, "झालाय ना?"

आता बोलली असती तर पाचरी निघून पुरती दहा मिनिटंही झाली नव्हती. कुठली कुठून काढली, हे त्याच्या हातांना अजून आठवलं असतं. पण लांब झाडाखाली धाकटी उभी होती आणि बघत होती. तिच्यादेखत "चुकले" म्हणायचं? थोरली म्हणाली, "झाला."

त्यानंतरचे अडीच महिने तिला सुखाची झोप लागली नाही, असं मी लिहिलं तर ते खोटं ठरेल. व्यवस्थित लागली. तिने तो विषय मनातून काढून टाकला होता. तिच्या डोक्यात एकच, भिंतीचं काय ठरतंय.

मग तुळया परत बसवायची वेळ आली. सुताराने पाचरी हातात घेतल्या, खाचेत घालून पाहिल्या, काढल्या, बदलल्या. सांधा बोटभर उघडा राहिला. पाचरी ठोकून बघायची सोय नव्हती, एखादी चिरली असती तर सगळंच संपलं असतं. दुपारी तो तिच्या खोलीत आला आणि म्हणाला, "मधल्या सांध्याचा फोटो द्या."

"शोधून देते," ती म्हणाली.

संध्याकाळी ती वर गेली. धाकटीकडे ती कधी आपण होऊन जात नसे, त्यामुळे धाकटी दारातच गडबडली. थोरलीने बसतसुद्धा न बसता विचारलं, "मधला सांधा उघडला त्या दिवशी तू काही काढलंस का गं? सांधा दिसेल असं?"

धाकटीने संगणक सुरू केला. मग म्हणाली, "एक आहे. पण बिघडलेला आहे, वहिनी. मी तो कुणाला दाखवला नाही."

तिने पडद्यावर फोटो उघडला. पुढे पाणमांजर, पण साफ अस्पष्ट, नुसता तपकिरी लोळ. कॅमेऱ्याचा नेम जनावर सोडून मागच्या लाकडावर बसला होता. त्यामुळे सांधा असा लख्ख आला होता की लाकडाच्या रेषा मोजाव्यात. चारही पाचरी आपापल्या जागी. थोरलीने खुर्ची ओढली आणि बसली. तेवढ्यात तिचं लक्ष वरच्या कोपऱ्यात गेलं. पलीकडच्या लव्हाळ्यात एक नारिंगी डाग आणि त्यावर पांढरे केस. धूसर होतं, पण बागेतल्या कुणालाही कळलं असतं ते कोण आहे.

"तुम्ही खुंट सोडून कुठे गेलात म्हणून बघत होते," धाकटी म्हणाली. "तर तिकडे आडव्या दिसलात. मला वाटलं चक्कर आली की काय, पडलात की काय. माझा हात हलला. मग तुमच्या हातात कॅमेरा दिसला."

"म्हणजे तुला ठाऊक होतं? फोटो काढला नाही ते?"

"हो."

"घरात बोलली नाहीस?"

"बोलण्यासारखं काय होतं त्यात?"

अडीच महिने! रोज वरखाली भेटत होती, चहा पाजत होती, आणि एक अक्षर नाही. एका शब्दाने थोरलीची भिंत गेली असती आणि हिला मिळाली असती. तेवढंसुद्धा हिने केलं नाही. थोरलीला कृतज्ञता वाटायला हवी होती. वाटला तो संताप. इतकं चांगलं वागायची काय गरज होती हिला? खंड्या हिचा, पाणमांजर हिचं, आता मोठं मनही हिचंच!

धाकटीने हलकेच विचारलं, "वरचा कोपरा कापून देऊ का? पाचरींना धक्का लागत नाही. भिंतीचं अजून ठरायचंय, आणि अधीक्षकांनी हे पाहिलं तर... कुणाला कळणार नाही, वहिनी."

किती सोपं होतं. एकदा मान हलवायची आणि भिंत शाबूत. पण मग जन्मभर, प्रत्येक कपभर चहाला, या बाईच्या उपकाराखाली राहायचं? भिंतीवरचं स्वतःचं नाव वाचताना प्रत्येक वेळी हिचा चेहरा आठवायचा? त्यापेक्षा सुताराच्या शिव्या परवडल्या.

"नको," थोरली म्हणाली. "आहे तसा दे."

सकाळी तिने तो फोटो छापून सुताराच्या हातात ठेवला आणि सांगितलं, "मी काढला नव्हता. झाला म्हणाले ते खोटं होतं. हा माझ्या जावेने काढलाय." सुताराने पाचरी नीट पाहिल्या. मग कोपरा पाहिला.

"या तुम्ही."

"मी."

"आलं का मग परत ते जनावर?"

"नाही."

तो फोटो घेऊन पुलाकडे गेला. दुपारपर्यंत सांधा बसला, मधे नखही जाणार नाही असा. अधीक्षकांना तिने स्वतःच जाऊन सांगितलं, दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी. ते रागावले नाहीत, पण बराच वेळ टेबलावरचे कागद सारखे करत राहिले. भिंतीबद्दल त्यांनी काही विचारलं नाही आणि तिनेही काही म्हटलं नाही.

दोन आठवड्यांनी पाणमांजर आणि दोन पिल्लं भिंतीवर चढली, माणसाच्या उंचीची. चौकट लावायचं काम थोरलीचंच. धाकटी आणि दोघींचे नवरे खाली उभे राहून बघत होते आणि धाकटी आनंदाने डोळे पुसत होती. थोरलीच्या मनातला मत्सर या सगळ्यात निवळला, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. उलट आता तो दुप्पट झाला होता, कारण जावेला नावं ठेवायला काही उरलंच नव्हतं. शिडीवर उभं राहून तिने धाकटीच्या नावाची पट्टी फोटोखाली लावली आणि ती केसभरही तिरकी नाही ना, हे दोनदा मोजून पाहिलं.