डोंगराची चराई बंद झाली

आम्ही मेंढरं राखणारे. पावसाळ्याच्या तोंडावर नदीकाठच्या गंगथडीहून गावी परतलो, तर आमच्या डोंगरावर जंगल खात्याचा शिपाई उभा. चराई बंद झाली होती. बाप चावडीवर गेला, मागोमाग मीही गेले.

"आमाला कावून विचारलं न्हाई?" बापाने पाटलाला विचारलं.

"दवंडी दिलती की. जंगल खात्याच्या सायबानं समद्या गावाला विचारलं. कुणी हरकत घेतली न्हाई."

"आमी तवा मेंढरं घेऊन गंगथडीला हुतो."

"तिथवर ऐकू जाईल एवढं डफडं कुठून आणू बे?"

चावडीवरचे हसले. त्यांच्यात एकाकडेही मेंढरं नव्हती. पुन्हा विचारा, म्हणून बापाने हात जोडले. पण साहेब केव्हाच बीडला गेला होता.

दिवाळीच्या आत मेंढरं खाटकाला दिली. नंतर डोंगर उघडला असता, तरी आम्ही तिथे काय चारणार होतो?