मास्तरांनी निवडलेलं रोप

टेलरमास्तर माणसाकडे बघत नसत, मापाकडे बघत. गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत त्यांच्या मनात त्याची छाती-कंबर लिहून झालेली असे. आठ वर्षांपूर्वी जायफळाची दोन रोपं आणली, तेव्हाही त्यांनी गळ्यातली टेप काढून दोन्ही मोजली. एक तेरा इंच, दुसरं साडेनऊ. तेरावालं दुकानामागच्या परसात लावलं, साडेनऊवालं भिंतीपलीकडे राहणाऱ्या थोरल्या बहिणीला दिलं. तिच्याकडे जागा कमी आहे, असं वर सांगितलं. ताईने रोपाकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं आणि रोप घेऊन गेली.

मास्तरांनी झाडाला काही कमी पडू दिलं नाही. कोवळ्या जायफळाला ऊन सोसत नाही, म्हणून कोटाच्या अस्तराचं छत शिवलं, तेही दुहेरी शिवणीचं. बुंध्याशी वाळल्या पानांचा थर, पाणी साचू नये म्हणून बाजूने चर. लोकांच्या पँटी तारखेला मिळत नसत, झाडाचं पाणी मात्र कधी चुकलं नाही. बायकोला त्या जागेत कपडे वाळत घालायला दोरी हवी होती. आठव्या वर्षापर्यंत फळ आलं नाही तर झाड काढीन, असा मास्तरांनी तिला शब्द दिला होता. तिने दोरी आणूनच ठेवली होती.

आठव्या वर्षी झाड फुललं आणि सगळी फुलं गळली. ताईच्या बुटक्या झाडाला मात्र फळं धरली. मास्तरांनी रोपवाटिकावाल्याला बोलावलं. त्याने एक फूल नखाने चिरलं, आत पाहिलं आणि झाड नर असल्याचं सांगितलं. जायफळात नर-मादी झाडं वेगळी, फुलल्याशिवाय कळत नाहीत.

“उंचीवरून नाही कळत?” मास्तरांनी विचारलं.

“उंचीवरून पँट शिवतात, मास्तर.”

बायकोने दोरी धुवून परसात वाळत टाकली. मास्तरांनी लाकूडतोड्याला सोमवारी यायला सांगितलं.

रविवारी ताई आली. एरवी ती भिंतीवरूनच बोलायची. आज पुढच्या दाराने आली आणि एक फळ कापडाच्या टेबलावर ठेवलं.

“हे तुझ्यामुळे लागलंय. या गल्लीत दुसरा नर नाही. तुझं तोडलंस की माझंही रिकामं.”

मास्तरांनी शब्दाची अडचण सांगितली. आतून बायको म्हणाली की शब्द फळाचा होता.

“मग फळ आलंय की,” ताई म्हणाली, “फक्त भिंतीपलीकडे आलंय. अर्धी तुमची.” मग भावाकडे वळून म्हणाली, “साडेनऊवालं दिलंस तेव्हा मी काही म्हटलं होतं का?”

मास्तरांनी टेप गुंडाळली, उलगडली, पुन्हा गुंडाळली. बायकोने फळ उचलून वास घेतला आणि दोरीचं काय, एवढंच विचारलं.

सोमवारी लाकूडतोड्या आला. त्याच्याकडून एक खालची फांदी तेवढी काढून घेतली आणि हेलपाट्याबद्दल त्याच्या शर्टाचं माप घेतलं. दोरीचं एक टोक दुकानाच्या खिळ्याला बांधलं, दुसरं झाडाला. बांधण्याआधी दोरीने साल घासू नये म्हणून मास्तरांनी बुंध्याभोवती अस्तराची पट्टी गुंडाळली. दुहेरी शिवणीची.