पूजेत मांडलेला माऊस

मी एका संस्थेचं स्टोअर सांभाळते. वस्तू जागेवर नसली की ती कुणीतरी उचललेली असते, एवढाच माझा आजवरचा अनुभव... भुताखेतांच्या गोष्टी मी हसण्यावारी न्यायचे. म्हणून जे घडलं तेवढंच सांगते.

आम्ही चौलला राहतो. मागे ह्यांना अर्धांगाचा झटका आला. चालू-बोलू लागले, पण डावा हात कामातून गेला. त्याबरोबर गेला तो ह्यांचा संध्याकाळचा ऑनलाइन गेम. पाच जणांची टोळी करून राक्षसांशी लढायचं, त्यात हे वैद्य — लढणाऱ्या चौघांना मंत्र टाकून जिवंत ठेवायचं. त्याला एक हात माऊसवर लागतो, दुसरा कीबोर्डवर. टोळीचा म्होरक्या थळचा नंदू, ह्यांचा शाळासोबती. त्याने बरेच महिने ह्यांची जागा राखली, पण बाकीचे कुरकुरायला लागले. शेवटी त्याने सांगितलं, दसऱ्याच्या संध्याकाळी येऊन खेळ, नाहीतर दुसरा वैद्य बघावा लागेल. त्या दिवसापासून ह्यांचं जेवणावरून लक्ष उडालं.

मुलाने पुण्याहून एक माऊस पाठवला. अंगठ्याच्या बाजूला बारा बटणं, म्हणजे सगळा खेळ एका हाताने. परत करायची मुदत होती, म्हणून मी तो रीतसर तपासला. वजन ठीक, तळहातात नीट बसतो, वायरची कटकट नाही. पण बटणं इतकी खेटून, की न बघता कुठलं कुठलं ते कळत नाही. पहिल्या ओळीतल्या चार बटणांवर मी चौघांचे मंत्र लावून दिले, त्याखालच्या पहिल्यावर स्वतःला बरं करायचा. ह्यांचा अंगठा दरवेळी चुकायचा. वैतागून म्हणाले, "परत पाठव. ही तरण्या पोरांची खेळणी." माझंही मत तेच होतं.

तरी दसऱ्याला कोयता आणि शिवणयंत्राबरोबर कॉम्प्युटर, माऊस सगळं पूजेत मांडलं. मी काम अर्धवट करत नाही — बटणन्‌बटणाला कुंकू लावलं. पूजेतल्या हत्याराला दुसऱ्या दिवशी अक्षता टाकेपर्यंत हात लावायचा नाही, ही आमच्या घरची रीत. नंदूने दिलेली वेळ त्याच संध्याकाळची, हे दोघांच्याही लक्षात आलं ते पूजा झाल्यावर. मी म्हटलं, आता नाही. हे म्हणाले, राहू दे, तसंही जमणार नव्हतं. आणि ओटीवर झोपाळ्यावर जाऊन बसले. मी शेजारीच होते, सोनं द्यायला येणाऱ्यांच्या हातावर पेढे ठेवत.

दिवेलागणीनंतर नंदूचा फोन आला. शिव्या ऐकायच्या तयारीने ह्यांनी तो उचलला.

"विन्या, काय हात चालला रं तुजा आज! आम्हा चौघांना मरू दिलं न्हाय. पन येड्या, सोताकडं बघायचं व्हतं. तूच मेलास ना शेवटी."

हे म्हणाले, मी खेळलोच नाही.

"व्हय? मग काय माजा आजा खेळला?"

आम्ही दोघं आत गेलो. कॉम्प्युटरची पिन काढलेली, पडद्यावरचा झेंडूचा हार जसाच्या तसा. माऊस पाटावर होता. पहिल्या ओळीतली चारही बटणं पुसलेली... बाकी सगळ्यांवर कुंकू तसंच. स्वतःला बरं करायच्या बटणावरही.

मी शोधायचं ते शोधलं. आत जायची वाट माझ्या समोरून होती, कुणी गेलं नव्हतं. मुलाकडे पासवर्ड नाही, त्याने शपथ घेतली. गेमच्या नोंदीत त्या संध्याकाळी लॉगिन दिसतं, तेही आमच्याच घरच्या इंटरनेटवरून. मांजर म्हणावं, तर ओळीने चारच बटणं?

दुसऱ्या दिवशी अक्षता टाकून ह्यांनी माऊस उचलला आणि खेळायला बसले. अंगठा चुकतच होता. टोळी पुन्हापुन्हा मेली, नंदूच्या शिव्या मला स्वयंपाकघरात ऐकू येत होत्या. पण हे उठले नाहीत. जागा सोडायची भाषा पुन्हा नंदूनेही काढली नाही, ह्यांनीही. माऊस आता घरातच आहे.

परवा जेवताना ह्यांनी मधेच विचारलं, "त्या संध्याकाळी मी झोपाळ्यावरच होतो ना?"

"होतात."

"पूर्ण वेळ?"

मी हो म्हटलं. आणि ते खरंच आहे. ह्यांनी मान हलवली, पण समाधान झालेलं दिसलं नाही... माझंही अजून झालेलं नाही.