काही अडचण?

हृदयरोगाच्या ओपीडीत फायली वरचेवर गहाळ होतात, किस्से मात्र साठत जातात. नांदेडला माझा दवाखाना, दर गुरुवारी लातूरला. दोन्हीकडे मला एकच घोर. तरुण पोरींना दिवस जातात आणि ते मला सगळ्यात शेवटी कळतं. तोवर पोटातल्या जिवाला नको ती गोळी खाऊन झालेली असते.

उमरीच्या एक सासूबाई ब्लडप्रेशरवाल्या सुनेला घेऊन आल्या. सून गरोदर. सासूबाई ऐटीत म्हणाल्या, "पपई बंद, तीळ बंद. गरम काहीच देत न्हाई बगा."

"आणि बीपीची गोळी?"

"ती रोज देऊन राहिले की. ती थोडीच गरम हाय!"

गर्भारपणात नको असलेली नेमकी तीच. बाळाच्या किडनीवर उठणारी! त्याच क्षणी बदलली.

नायगावच्या शबानाची तऱ्हा उलटी. तिच्या छातीत कृत्रिम झडप. झडपेत गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर. शेजारीण म्हणाली, पोटुशीनं गोळ्या खाऊ नयेत. हिनं सगळ्याच सोडल्या आणि धापा टाकत आली. मी तडकलो, तर म्हणाली, "बच्चे के वास्ते बंद करी, साब." माझा राग तिथंच विरला. नशिबानं दोघं वाचली, पण मी आजही त्या धापा विसरलेलो नाही.

कारण ही गोळी म्हणजे इकडे आड तिकडे विहीर. सोडली तर आईला धोका, चालू ठेवली तर सुरुवातीच्या महिन्यांत बाळाला. तेवढ्यापुरतं इंजेक्शनवर नेता येतं, पण वेळेत कळलं तर! आणि आपल्याकडे तीन महिने पोटातलं ओठावर आणायचं नाही.

पाळी हा शब्द तर पुरुषमाणसापुढं निघतच नाही. मी इथं नवा असताना एका पेशंटच्या नवऱ्याचा फोन आला. "सर, बायकोला अडचण हाय, उद्या येत न्हाई." मी घाबरून विचारलं, "अँब्युलन्स पाठवू का?" तिकडे दार लोटल्याचा आवाज. मग हळूच, "तसली न्हाई सर. बायकांची अडचण."

जळकोटच्या संगीताचीही झडप बदललेली. "पाळी चुकली की लगोलग ये," असं मी तिला बजावून ठेवलं होतं. एका गुरुवारी ती मी दिलेल्या तारखेआधीच आली, सोबत सासरे. बाहेर रांग दारापर्यंत, माझा जीव घाईला आलेला.

"काही अडचण?"

"न्हाई."

"छान. मग तीच गोळी चालू ठेव." मी लिहायला लागलो.

ती उठेना. "सर, अडचण न्हाई."

"हो, ऐकलं. बरं आहे मग."

सासरे उठले. "चल की पोरी, एसटी चुकंल."

तिनं टेबलाची कड घट्ट धरली.

"मामा, थांबा जरा. सर, अडचण न्हाई, म्हणून तर आले."