कात्री खिळ्याला नव्हती

आधीच सांगतो, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. ताईत बांधून आलेल्या तापकऱ्यालाही मी थर्मामीटर लावणारा माणूस... मेढ्यात एसटी स्टँडजवळ माझं मेडिकल आहे, तीस वर्षं झाली.

बायको, सुनंदा, दुपारी माझ्यासोबत दुकानात बसायची. दोन वर्षांपूर्वी साताऱ्याच्या दवाखान्यात वारली. लघवीचं इन्फेक्शन रक्तात पसरलं होतं. रिपोर्टमध्ये एकेका अँटिबायोटिकपुढे 'रेझिस्टंट' – म्हणजे जंतू त्या औषधाला दाद देत नव्हते. कशी देतील? घरचंच दुकान, म्हणून जरा जळजळ झाली की मीच तिला तीन गोळ्या कापून द्यायचो. बरं वाटलं की बंद. अशा अर्धवट डोसांनीच जंतू निर्ढावतात. गिऱ्हाइकांचंही तेच. शेवटच्या आठवड्यात ती म्हणाली, "आवं, ती कात्री टाकून द्या आता."

मी हो म्हटलं. टाकली मात्र नाही. बीपीच्या गोळ्या लोक चार-चार नेतात, कात्रीवाचून कसं चालणार? आणि लाज वाटते सांगायला, ती गेल्यावरही अँटिबायोटिक कापून देणं सुरूच होतं. मी नाही दिलं तर पुढचा दुकानदार देणार, ही भीती.

एकदा दुपारी साडेबाराला आप्पा आले. रिटायर्ड फौजी, डोंगरातल्या गावचे.

"दोनच कॅप्सूल दे रं, मागल्यावानी. लय ताप हाय."

"चिठ्ठी कुठाय, आप्पा?"

"दोन गोळ्यांला कसली चिठ्ठी? मागं दिली हुतीस की."

दिली होती, हे खरं. स्ट्रिप काढली, कात्री टांगायच्या खिळ्याकडे हात नेला... कात्री नाही. पाच मिनिटं शोधली. आप्पा वैतागून समोरच्या डॉक्टरकडे गेले. मी वळून बघतो, तर कात्री खिळ्याला! आप्पांना डेंगी निघाला. माझ्या दोन कॅप्सूलवर घरी पडून राहिले असते, तर काय झालं असतं देव जाणे.

वय झालं, विसरलो असेन, म्हणून सोडून दिलं. पण पुढं दर वेळी तेच. बीपीच्या गोळ्यांना कात्री हजर, चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक काढलं की गायब. शेवटी सुतळीनं बांधून ठेवली. दुसऱ्या दिवशी सुतळीची गाठ तशीच, कात्री नाही.

घाबरायला हवं होतं. मला बरं वाटलं. ती गेल्यापासून माझ्यावर रागावणारं कुणी उरलं नव्हतं हो.

त्या दिवसापासून चिठ्ठीशिवाय एक अँटिबायोटिक दिलं नाही. काही गिऱ्हाइकं तुटली, तुटू देत. पण दुपारी दुकान रिकामं असलं की मी मुद्दाम अँटिबायोटिकची स्ट्रिप हातात घ्यायचो. कात्री नसायची. मग "बरं बाई, ठेवतो" म्हणायचो आणि डबा उघडून जेवायचो. बरेच महिने असं चाललं.

आणि गेल्या महिन्यात एका दुपारी स्ट्रिप काढली, तर कात्री खिळ्यालाच. दुसऱ्या दिवशीही. तेव्हापासून रोज तिथंच असते. एकदा तर पातं स्ट्रिपला लावून थांबलो... काही झालं नाही. कापायला माझाच हात धजला नाही.

हे काय होतं, मला अजून कळलेलं नाही. कुणाला माहीत असेल तर सांगा. मी शिकलो, हे तिला पटलं असावं एवढंच वाटतं.

कशाला शिकलो, असं दुपारी जेवताना वाटतं.