ताटातली लिंबाची फोड

“आधी रक्ताचा कॅन्सर नाही एवढी खात्री करून घेऊ,” असं डॉक्टर म्हणाल्या, आणि त्यातला ‘नाही’ माझ्या कानांना ऐकूच आला नाही.

माझी बायको नलू शेजारी व्हीलचेअरवर बसली होती. पायांवरचे जांभळे डाग दिसू नयेत म्हणून तिने साडी घोट्यापर्यंत ओढून घेतली. डॉक्टर रक्तविकारतज्ज्ञ होत्या, बडोद्याच्याच, वयाने आमच्या मुलीपेक्षा थोड्या मोठ्या. त्या गुजरातीत सावकाश समजावत होत्या. उद्या बोन मॅरो टेस्ट करायची, म्हणजे कमरेच्या हाडात सुई घालून आतली मज्जा काढायची आणि तपासायची. ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, असला तर त्यात कळतो. मी मान डोलावत होतो. हात मी मांड्यांखाली दाबून ठेवले होते.

हे मी लिहितो आहे ते अशाच कुठल्यातरी बाकावर बसलेल्या माणसासाठी. भीती काय असते हे तुम्हाला सांगायची गरज नाही. पण भीतीत आपण काय बघायचं विसरतो, ते सांगायला हवं.

सुरुवात अगदी साधी होती. उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, पतंग बघायला आम्ही गोत्रीच्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर होतो. नलू जिना उतरून आली आणि दुसऱ्या दिवशी तिच्या पोटरीवर हाताएवढा डाग उमटला. कुठे आपटलीस, म्हणून मी विचारलं. कुठेच नाही, म्हणाली. वय झालं, असं आम्ही दोघांनी ठरवून टाकलं. मग दात घासताना रक्त यायला लागलं. दाताच्या डॉक्टरांनी हिरड्या साफ केल्या, तर रक्त थांबता थांबेना. मग गुडघा सुजला. थकवा तर असा की दोन पोळ्या लाटल्या की बाई ओट्याला टेकून उभी. हिमोग्लोबिन घसरलं तेव्हा फॅमिली डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन मोठ्या दवाखान्यात पाठवलं.

मी गोरव्याच्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात जन्मभर तपासणी खात्यात होतो. पाइप वरून चकचकीत दिसला तरी आतून खाल्लेला असू शकतो, हे मी शिकाऊ पोरांना सांगत आलो. घरातला पाइप आतून गळायला लागला तेव्हा मात्र माझ्याजवळ मोजायचा एकही गेज नव्हता. वेटिंग रूममध्ये मोबाइलवर लक्षणं टाकून बघायचो. आपोआप उठणारे डाग, हिरड्यांतून रक्त, थकवा. दरवेळी तोच एक शब्द वर यायचा. मी मोबाइल खिशात टाकायचो आणि पुन्हा काढायचो. तुम्ही हे करू नका. मी सांगून तुम्ही ऐकणार नाही, ते मला ठाऊक आहे.

भीती दुहेरी होती. आमची मुलगी मधुरा पुण्याला असते. तिचं दोनदा गेलं होतं, दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात. या वेळी सहावा लागला होता आणि डॉक्टरांनी तिला पडून राहायला सांगितलं होतं. आईला असं काही झालंय हे तिला कळलं आणि त्या धक्क्याने काही झालं तर? म्हणून रोज संध्याकाळी फोनवर नलू उशी पाठीशी घेऊन, दिव्याकडे पाठ करून हसायची. ओठ मिटून हसायची, कारण हिरड्या दिसल्या असत्या. 

त्या दिवशी डॉक्टरांनी मॅरोच्या कागदावर माझी सही घेतली, आणि मग काय वाटलं कोण जाणे, रिपोर्ट पुन्हा उचलला. प्लेटलेट्स, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या पेशी, व्यवस्थित होत्या. तरी रक्त का येतं, हे त्यांना खुपत असावं. त्यांनी नलूला टेबलावर झोपवलं, साडी गुडघ्यापर्यंत सारली आणि बॅटरी लावून नडगीवर वाकल्या. मलाही बोलावलं. प्रत्येक केसाच्या मुळाशी सुईच्या टोकाएवढा लाल ठिपका होता, आणि केस सरळ नव्हते, स्प्रिंगसारखे वळलेले होते. इतकी वर्षं बारीक भेगा शोधणारा मी, हे मला दिसलं नव्हतं.

“मासी, जमवामां शुं लो छो?” त्यांनी विचारलं, म्हणजे जेवणात काय घेता. नलूने ठरलेलं उत्तर दिलं, सगळं खाते.

“लींबु खाव छो?”

मीच उत्तर दिलं, की हो, आमच्याकडे वरणभात लिंबाशिवाय होत नाही, रोज ताटात फोड असते. डॉक्टरांना उत्तर नलूकडूनच हवं होतं; माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, “काका, हुं मासीने पूछुं छुं.”

मग त्या एकेक नाव घेत गेल्या. जामफळ, म्हणजे आपला पेरू? टोमॅटो? आवळा? संत्रं? प्रत्येक फळाच्या नावाला तिची मान थोडी अजून खाली जात होती. शेवटी ती मराठीत, माझ्याकडे बघून बोलली.

“मधुराचं सुखरूप होईपर्यंत आंबट सोडलंय मी. सांगितलं तर नवस फळत नाही, म्हणून बोलले नाही.”

संतोषीमातेचे शुक्रवार ती लग्नाआधीपासून करते. त्या दिवशी आंबट खायचं नाही, बोटसुद्धा लावायचं नाही. मधुराचं दुसऱ्यांदा गेलं त्या आठवड्यात तिने सगळेच वार शुक्रवार करून टाकले होते. फळ आतून आंबट निघालं तर काय, म्हणून केळ्याशिवाय फळच बंद. साखरेच्या आजारामुळे केळं आणि बटाटाही नावापुरताच. हिरड्या दुखायला लागल्यावर कोशिंबिरी गेल्या, आणि भाज्या सोडा घालून गाळ होईपर्यंत शिजायला लागल्या. लिंबू मात्र ती रोज मला कापायला लावायची. हाताला चिरा पडल्यात, म्हणायची. मी कापायचो आणि माझ्याच वरणावर पिळायचो.

स्कर्व्ही, डॉक्टर म्हणाल्या. म्हणजे व्हिटॅमिन सीची टोकाची उणीव. जुन्या काळी महिनोन्महिने समुद्रावर राहणाऱ्या खलाशांना व्हायचा तो रोग. चौकाचौकांत जामफळांच्या लाऱ्या, म्हणजे हातगाड्या, उभ्या असलेल्या बडोद्यात, हिवाळा सरता सरता, माझ्या घरात.

त्यांनी रक्त तपासायला पाठवलं आणि मॅरो आठवडाभर पुढे ढकलली. औषधाने फरक पडला नाही तर करावीच लागेल, हेही बजावलं. कॅन्सर अजून दाराबाहेर उभाच होता. हातात मिळाली एक गोळी, चघळायची, संत्र्याच्या चवीची.

घरी येऊन नलूने ती जिभेला टेकवली आणि तळहातावर काढून ठेवली.

“आंबट आहे,” म्हणाली.

मी समजावलं, चिडलो, ओरडलो. देव असा असतो का, म्हणून वाद घातला. दुसरी गोळी आणतो, इंजेक्शन देऊन घेऊ, म्हणालो. ती शांत होती. तोंडात घ्या नाहीतर सुईतून घ्या, आंबट ते आंबटच, एवढंच तिचं म्हणणं. “मला काय व्हायचं ते होऊ दे. तिचं आता जायला नको.” ते ऐकून मला जी भीती वाटली तशी कॅन्सरच्या नावानेही वाटली नव्हती. औषध घरात होतं आणि माणूस माझ्यासमोर विझत चाललं होतं.

मग मला माझी आई आठवली. घरात कुणाला अडचण असली की त्याचा उपास दुसऱ्याने धरायचा, अशी तिच्याकडे रीत होती. मी नलूसमोर खुर्ची ओढून बसलो.

“आजपासून आंबट मी सोडलं. तुझं उरलेलं मी पुरं करतो. तू खायचं.”

“तुमचा विश्वास तरी आहे का?”

“विश्वास नाही. पण आंबट सोडायला जीभ लागते, आणि माझी जीभ तुला माहीत आहे.”

 कढीसाठी भांडणारा नवरा तिने जन्मभर पाहिला होता. “बोटसुद्धा लावायचं नाही,” ती म्हणाली. मी हो म्हटलं. मग तिने डोळे मिटून गोळी तोंडात टाकली. तिचं तोंड लहान मुलीसारखं वाकडं झालं आणि मी स्वयंपाकघरात जाऊन रडलो.

हिरड्यांचं रक्त त्याच आठवड्यात थांबलं. डाग आधी हिरवट, मग पिवळे झाले. सीची पातळी अगदी तळाला असल्याचा रिपोर्ट आला. मॅरो करावी लागली नाही.

डॉक्टरांना नवसाची अदलाबदल सांगितली तर त्या हसल्या आणि मलाही खुर्चीत बसवलं. काका, तुम्ही आजारी पडू नका, म्हणाल्या. सी आंबटपणात नसतं. पिकलेल्या गोड जामफळात ते लिंबापेक्षा जास्त. सिमला मिरची, कच्चा कोबी, कोथिंबीर, शेवग्याचा पाला, मोड आलेले मूग, यांत कुठे आंबट आहे? शरीर ते फारसं साठवत नाही, म्हणून नेमाने खायचं. खूप उकळलं, सोडा घातला, चिरून तासन्‌तास ठेवलं, की ते जातं. कोलॅजन, म्हणजे आपलं मांस, हिरड्या आणि रक्तवाहिन्या शिवून धरणारा धागा, सीशिवाय तयार होत नाही. जेवणातलं लोह त्याच्यामुळे अंगी लागतं. गोळ्या मात्र मनाने खात बसू नका, मुतखडा होईल. आणि हिरड्यांतून रक्त आलं की लिंबू पिऊन घरी बसू नका, आधी तपासून घ्या. सगळ्यांचं निदान तुमच्यासारखं स्वस्तात सुटत नाही.

माझं सांगणं एवढंच. आपल्या घरात कुणीतरी कुणासाठी तरी काहीतरी गुपचूप सोडलेलं असतं. बोलण्यातून ते कळणार नाही. त्यांच्या ताटात बघा.

आता मधुराला आठवा चालू आहे. नलू सावरल्यावर तिला सगळं सांगितलं तेव्हा ती आधी रडली. मग म्हणाली, “आई, मी इथे रोज कैरी खातेय गं.”

परवा नलू लहरीपुऱ्याच्या बाजारात माझ्याबरोबर चालत फिरली. बाजार झाल्यावर आम्ही सेव-उसळ घेतली. माझ्या प्लेटच्या कडेला लिंबाची फोड होती. ती बाजूला सारताना माझ्या बोटाला रस लागला. मी देव मानत नाही. तरी उठलो, कोपऱ्यातल्या पिंपावर बोट धुतलं, पुन्हा धुतलं, नखाखाली अजून काही राहिलंय का ते बघितलं.  इतके महिने ही बाई एकटी कसल्या धाकात राहत होती, ते मला तिथे कळलं.

परत आलो तर नलूने माझ्यासाठी दुसरी प्लेट मागवली होती. पहिलीतली फोड उचलून तिने आपल्या उसळीवर पिळली, सालीतला शेवटचा थेंब येईपर्यंत.