सेट करायचं राहिलं

सहा वर्षं मी एका पुढाऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर होतो. वडवणीपासून जवळच त्याचं गाव, रस्त्याला लागून जमीन आणि त्याच जमिनीत बांधलेलं घर. सगळे त्याला मालक म्हणायचे, मीही म्हणायचो. हात उचलायची त्याला सवयच होती. गाडीच्या दाराला ओरखडा गेला म्हणून एकदा भर बाजारात, भाजी घेणाऱ्या बायकांच्या समोर, त्यानं माझ्या मुस्काटात मारली होती. मी गाल चोळला, गाडी पुसली आणि कामावर राहिलो.

मग नवी गाडी आली. एखाद्या टायरमधली हवा कमी झाली की हिच्या मीटरमध्ये पिवळा दिवा लागायचा. पण हे डोकं तिला आपोआप येत नाही. हवा भरली किंवा चाकं इकडची तिकडं केली की गाडीला नव्यानं सांगावं लागतं. गाडी उभी करायची, चावी फिरवायची, स्क्रीनवर टायरचं पान उघडून ‘सेट’ दाबून धरायचं. मग थोडं अंतर चालवली की ती शिकते. हे केलं नाही तर हवा नीट असूनही तिला काहीतरी बिघडलंय असं वाटतं आणि दिवा लागतो.

त्या दिवशी दुपारी मी टायरच्या दुकानात पुढची चाकं मागं आणि मागची पुढं करून घेतली. चारींत हवा मोजून भरली. दुकानदार हात पुसत म्हणाला, ‘‘सेट करून घ्या बरं का. न्हाई तर उगंच दिवा लागंल.’’

मी चावी फिरवली आणि तेवढ्यात मालकाचा फोन आला. शेतावर ये, आत्ताच्या आत्ता. मी निघालो. सेट करायचं राहिलं.

शेतावर भांडण पेटलं होतं. शेजारच्या पडीक रानात एका मेंढपाळाचा तळ पडला होता. नवरा, बायको, शंभरेक मेंढरं आणि एक कुत्रा. त्यातली चार-पाच मेंढरं मालकाच्या हरभऱ्यात शिरली होती. मेंढपाळ पन्नाशीचा, काटक माणूस. तो हात जोडत नव्हता, पण आवाजही चढवत नव्हता.

‘‘उद्या दुपारच्याला उठतो, मालक. एक मेंढी व्यायला झालीय, आज हलवली तर मरंल.’’

‘‘कशापायी थांबायचं मी? तुझ्या बापाचं रान हाय का बे?’’

‘‘तुमचं रान सोडलंय म्या. हे पडीक दुसऱ्याचं हाय.’’

ते खरं होतं, म्हणूनच मालकाला जास्त झोंबलं. पण चार माणसं मध्ये पडली आणि तेवढ्यावर मिटलं. रात्री गाडी मी गोठ्यापाशी लावली. तिथून मेंढपाळाचा तळ हाकेच्या अंतरावर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी परळीला मीटिंग होती. तेलगाव यायच्या आधीच मीटरमध्ये पिवळा दिवा लागला.

‘‘हे काय?’’ मालकानं विचारलं.

‘‘टायरमध्ये हवा कमी दाखवतीय.’’

‘‘थांबव.’’

तो खाली उतरला. चारी चाकांना लाथा घालून आला. चाकं कडक होती. पण त्याच्या डोक्यात कालचं भांडण होतंच. ‘‘हळूहळू जातीय,’’ तो म्हणाला. ‘‘खिळा घातलाय त्यानं. मला रस्त्यात उलटवायचं व्हतं. फिरव गाडी.’’

मला तिथंच आठवलं. दुकान, दुकानदाराचं बोलणं, आलेला फोन, सगळं. दिवा माझ्या चुकीनं लागला होता. एक वाक्य बोललो असतो तर आम्ही पुढं परळीला गेलो असतो. मी गाडी फिरवली. परत जायला वीस मिनिटं लागली आणि त्या वीस मिनिटांत मी तोंड उघडलं नाही. बाजारातला तो फटका आठवत होता. मेंढपाळाला दोन थपडा बसतील, शिव्या बसतील, आणि मिटेल, असा विचार मी केला. मला बसण्यापेक्षा त्याला बसू देत, हे त्या विचाराच्या आत होतं. तेव्हा मी ते कबूल केलं नाही. आता करतो.

मालकानं डिकी उघडायला लावली आणि चाकाचा पाना काढला. लोखंडी, हातभर लांबीचा.

मेंढपाळ तळावर मेंढीपाशी बसला होता. पहाटे व्यायली होती ती. कुत्रा आधी धावला. मालकानं एकाच फटक्यात त्याला आडवा केला. कुत्र्याचं मागचं अंग लुळं पडलं आणि तो पुढच्या पायांवर सरपटत ओरडायला लागला. मेंढपाळ उठला, ‘‘काय झालं, मालक?’’ एवढंच म्हणाला. पाना त्याच्या डोक्याकडं आला तेव्हा त्यानं उजवा हात वर धरला. हाड मोडल्याचा आवाज मी बांधावरून ऐकला. वाळलेली तुराटी गुडघ्यावर मोडावी तसा.

‘‘खिळा घालतो? मला मारतो व्हय बे?’’

‘‘कसला खिळा? म्या न्हाई काही केलं.’’

तो खाली पडला. मालकानं त्याच्या बरगड्यांत लाथा घातल्या, मग पान्यानं गुडघ्यावर मारलं. मेंढरं एकमेकांवर चढत पळाली. बायको पाण्याची कळशी टाकून धावत आली आणि नवऱ्यावर आडवी पडली. मालकानं तिला केसांनी ओढून बाजूला फेकलं. तिचं डोकं चुलीच्या दगडावर आपटलं. ती पुन्हा उठून आली. या वेळी पाना तिच्यावर उचललेला होता.

तेव्हा मी धावलो. पाना दोन्ही हातांनी धरला.

‘‘मालक, टायर बरे हायत. काल म्या चाकं बदलली, गाडी सेट करायची राहिली. चूक माजी हाय.’’

त्यानं पाना हिसकला आणि माझ्या कानावर मारला. काही वेळ मला काहीच ऐकू येत नव्हतं. फक्त शिट्टीसारखा एक आवाज. मानेवरून रक्त शर्टात उतरत होतं. मालकानं कॉलर धरून मला गाडीपर्यंत ओढत नेलं. ‘‘दाखव.’’

मी गाडीत बसलो. बोटं रक्तानं बुळबुळीत झालेली, स्क्रीन नीट घेईना. शर्टाला पुसली आणि ‘सेट’ दाबून धरलं. दिवा तीनदा लुकलुकला आणि विझला.

मालकानं मीटरकडं बघितलं. मग म्हणाला, ‘‘मग आधी सांगायचं न्हाई का बे?’’

त्याचा आवाज आता शांत होता. त्यानं पाना डिकीत ठेवला, घराच्या ओट्यावर जाऊन हात धुतले आणि मला सांगितलं, ‘‘बीडला घेऊन जा त्याला. बैलानं मारलं म्हणून सांग.’’

मेंढपाळाला मागच्या सीटवर निजवलं. बायको त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. तिच्या कपाळावरचं रक्त सुकून भुवईला चिकटलं होतं. वाटेत ती एकदाच बोलली. ‘‘भाऊ, तुमाला म्हाईत व्हतं का आधी?’’

मी हो म्हणालो.

दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, कशानं लागलं. तिनं खाली बघत उत्तर दिलं, ‘‘बैलानं मारलं.’’ मालकानं शेतातच शिकवलं होतं ते तिला. डॉक्टरनं माझ्या कानाकडं बघितलं. ‘‘तुम्हालाही बैलानंच मारलं?’’

‘‘न्हाई,’’ मी म्हणालो. ‘‘आमाला तिघांनाबी एका माणसानं मारलंय. चाकाच्या पान्यानं. पाना गाडीच्या डिकीत हाय.’’

पोलिसांना मी सगळं सांगितलं. सेट करायचं राहिलं तेही आणि वीस मिनिटं गप्प बसलो तेही. जबाब घेणाऱ्यानं विचारलं, हे लिहिलंच पाहिजे का. मी म्हणालो, लिहा.

तिसऱ्या दिवशी मालकाची माणसं माझ्या घरी आली. मला अंगणात पाडून मारलं, मोटरसायकल दगडांनी चेचली. माझ्या बायकोनं मिरचीची पूड भरलेलं ताट एकाच्या तोंडावर मारलं, म्हणून मी वाचलो. आम्ही गाव सोडलं. आता मी परळीत राखेच्या विटांचा टेम्पो चालवतो. उजव्या कानानं ऐकू येत नाही.

मालक लवकरच जामिनावर सुटला. केस चालू आहे. मेंढपाळाचा हात वाकडाच जुळला. त्या हातानं कोकरू उचलता येत नाही, म्हणून कळप त्याचा मेहुणा राखतो. कुत्रा त्याच दिवशी मेला.

कोर्टाच्या तारखेला मेंढपाळ, त्याची बायको आणि मी एका बाकावर बसतो. तो माझ्याशी बोलत नाही. मागच्या तारखेला दुपारी त्याच्या बायकोनं भाकरीचं फडकं सोडलं, एक चतकोर माझ्यापुढं केला. त्यानं तिच्याकडं बघितलं.

‘‘साक्ष द्यायला येतोय ना त्यो,’’ ती म्हणाली.

‘‘येऊ दे,’’ तो म्हणाला आणि तोंड फिरवून खायला लागला. मी भाकरी घेतली.